रिया, राहणार पुणे

मखमलाबाद, नाशिक
८ जुलै २००७

ती. प्रतिभामावशीस नमस्कार,

आईने फोनवर माझी तक्रार केली ते मला माहीत आहे. मी तेव्हा शेजारच्याच खोलीत होतो, आणि मनमाडशी बोलताना आवाज मनमाडपर्यंत पोचलाच पाहिजे असं आईला वाटतं. तू म्हणालीस, "फोनवर तो नुसता 'हं' आणि 'बघू' म्हणतो, त्याला पत्र लिहायला सांग." म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, मी वाया गेलेलो नाही. कॉलेज सुटल्यावर सायबर कॅफेत जातो ते ऑर्कुट बघायला. ऑर्कुट म्हणजे कॉम्प्युटरवरची एक जागा. तिथे प्रत्येकाचं एक पान असतं. पानावर आपला फोटो, आपल्या आवडीनिवडी आणि आपले मित्र किती, त्याचा आकडा. हा आकडा सगळ्या जगाला दिसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. माझ्या वर्गातल्या सार्थकचे ३१२ मित्र आहेत. माझे ४३. त्यातली अकरा आपली भावंडं आणि एक मलेशियाचा माणूस, त्याला मी ओळखत नाही, तोही मला ओळखत नसावा.

शिवाय टेस्टिमोनियल असतं. म्हणजे मित्राने आपल्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, ते आपल्या पानावर राहतात. सार्थकची एकोणीस आहेत, त्यातली सात मुलींनी लिहिलेली. माझं एकच होतं, पूजाचं. आपली पूजा, काकांची. तिने लिहिलं, "दादा खूप चांगला आहे पण माझी जीवशास्त्राची वही परत कर." हे कॉलेजातल्या सगळ्यांनी वाचलं.

पण आता दिवस पालटलेत. पुण्याच्या रिया नावाच्या मुलीने माझ्याबद्दल लिहिलंय. तुला जसंच्या तसं देतो: "ज्ञानेश हा अत्यंत मनमिळाऊ, हुशार व निर्व्यसनी तरुण आहे. त्याचे हसणे लाघवी आहे. विहिरीवरची मोटर बिघडली तर तो ती स्वतः दुरुस्त करतो. अशी मुले आजकाल दुर्मीळ आहेत."

तेव्हापासून सार्थक स्वतःहून माझ्याशी बोलतो. ओम तर रोज विचारतो, कोण रे ही? ओमला तू भेटलेली नाहीस. सातपूरचा आहे, पहिलीपासून माझ्याच बाकावर होता, आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भोळा आहे.

आईला सांग, काळजीचं कारण नाही.

तुझा,
ज्ञानेश


मनमाड
१५ जुलै २००७

चि. ज्ञाना,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चहा बाजूला ठेवून वाचलं, कारण पहिल्यांदा ठसका लागला.

मी अठरा वर्षं तिकिटाच्या खिडकीवर बसते. मिशी फुटलेल्या पोराला अकरा वर्षांचा सांगून अर्धं तिकीट मागणारे बाप रोज बघते. त्यांच्यावरून एक कळलंय. खोटं बोलणारा माणूस विचारलं नसताना जास्तीचं सांगतो. "अकराच वर्षांचा आहे, मॅडम, अंगाने थोराड, आमच्याकडे सगळेच असे, त्याचा मामा तर..." मी मामाचं विचारलेलं नसतं.

तर मला सांग, पुण्याच्या मुलीला मखमलाबादच्या विहिरीवरची मोटर कुणी दाखवली? आणि "निर्व्यसनी" हा शब्द तुझ्या वयाच्या मुलीच्या तोंडी मी आजवर ऐकला नाही. तो शब्द मुलाचा बाप मुलीच्या बापाला सांगतो. तुझं हसणं लाघवी आहे की नाही ते मी बोलत नाही, मी मावशी आहे.

रिया कोण आहे? उलट टपाली उत्तर पाहिजे. अक्काला मी अजून काही बोललेली नाही.

मावशी


मखमलाबाद
२९ जुलै २००७

मावशी,

रिया म्हणजे मीच.

उत्तराला उशीर झाला, कारण हे एक वाक्य लिहायला बारा दिवस लागले. आता लिहून झालंय तर पुढचं सांगतो.

सार्थकला मुलीने लिहिलेलं सातवं टेस्टिमोनियल आलं त्या दिवशी मी कॅफेत बसून होतो. माझ्याच पानाकडे बघत होतो आणि मला वाटलं, हा कोण भणंग माणूस आहे. मग मी दुसरं खातं उघडलं. फोटोच्या जागी आपल्याच वाफ्यातल्या गुलाबाचा फोटो लावला, म्हणजे कुणा खऱ्या मुलीचा चेहरा वापरायला नको. आडनाव दिलं नाही. पुणे दिलं, कारण पुण्याचं म्हटलं की इथे कुणी जास्त विचारत नाही.

पण पानावर एकटा ज्ञानेशच मित्र असलेली मुलगी संशयास्पद दिसते. म्हणून रियाने ओमला मैत्रीची विनंती पाठवली. ओमलाच का, तर तो भोळा आहे म्हणून. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

ओमने त्याच दिवशी होकार दिला आणि रियाला विचारलं, "आपण आधी भेटलोय का?" रिया नाही म्हणाली. तो म्हणाला, "मग भेटल्यासारखं का वाटतंय?"

मावशी, कॅफे चंदरभाऊंचा आहे. आठ कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या भिंती. ओम बसतो तीन नंबरला आणि मी सात नंबरला. मी रिया म्हणून "हाय" लिहिलं की पलीकडून ओरडतो, "ज्ञान्या, आली रे, आली!" मग मला इकडून "खरंच का!" म्हणावं लागतं. कधीकधी तो तिचा निरोप दाखवायला मला हाताला धरून तीन नंबरला नेतो. मी वाचतो. मीच पाच मिनिटांपूर्वी लिहिलेलं वाचून मला विचारावं लागतं, "अरे वा, काय म्हणते?" चंदरभाऊंनी परवा मला बाजूला घेऊन सांगितलं, "एकतर तू डॉक्टरला दाखव, नाहीतर त्याला दाखव."

एकदा रियाने सहज लिहिलं की तिला निळा रंग आवडतो. दुसऱ्या दिवशी ओम नवा निळा शर्ट घालून आला. त्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही, मावशी. तो निळा शर्ट घालून टाइप करत होता.

खरं सांगू, रिया फार बरी मुलगी आहे. ती ओमला विचारते, जेवलास का, आवाज उतरल्यासारखा का वाटतोय. निरोपाला आवाज नसतो, पण तो म्हणतो, तुला कसं कळलं? मी समोर असलो तर मला असलं काही सुचत नाही.

आता काय करू?

ज्ञानेश


मनमाड
४ ऑगस्ट २००७

ज्ञाना,

ओमला सांगून टाक. तोंडावर, समोरासमोर, भर दिवसा, आणि आधी दोघांनी काहीतरी खाऊन घ्या. उपाशी माणसाला असलं सांगायला जाऊ नये.

चिठ्ठी लिहू नकोस. कॉम्प्युटरवर तर नकोच. सार्थककडून निरोप पाठवू नकोस. आणि मुख्य म्हणजे आता आणखी नवी युक्ती काढू नकोस. अक्का म्हणते तू लहानपणी दुधाचं पातेलं सांडलंस आणि ते लपवायला मांजराला त्यात बसवलंस. दूध गेलं ते गेलंच, वर अक्काला मांजर धुवावं लागलं.

झालं की कळव.

मावशी


मखमलाबाद
२६ ऑगस्ट २००७

ती. मावशीस,

मी युक्ती काढली.

आधी तुझं ऐकलं होतं, हे लक्षात घे. ओमला मिसळ खायला नेलं. दोन प्लेट झाल्या. मी म्हटलं, "ओम्या, तुला रियाबद्दल काही सांगायचंय." त्याने पाव खाली ठेवला आणि इतक्या आशेने बघितलं की मी म्हटलं, "ती... तुझ्याबद्दल चांगलं बोलते." मग त्याने तिसरी प्लेट मागवली.

म्हणून मी ठरवलं, सांगायला नको, रियाचं लग्नच ठरवून टाकू. मुलगा अमेरिकेत, दिवाळीनंतर लग्न, आता मी ऑर्कुटवर येणार नाही, सुखी राहा. छान जमलं होतं. पण ओमने लगेच विचारलं, "नाव काय त्याचं?" मला एकही नाव आठवेना. घाईत रियाने लिहिलं, रंगनाथ. म्हणजे आमचे बाबा.

पलीकडून ओमचा आवाज आला, "ज्ञान्या, अमेरिकेत रंगनाथ असतो का रे?"

मावशी, इथपर्यंत हसलीस तर हस. इथून पुढे नको.

दोन दिवस ओम आला नाही. तिसऱ्या दिवशी मी रियाचं पान उघडलं, म्हटलं आता मिटवून टाकू. त्यात त्याचा लांबलचक निरोप होता. मी कागदावर उतरवून घेतलाय, त्यातलं थोडं देतो.

"अभिनंदन. वाईट वाटलं, पण तुझं चांगलं होतंय. आता तू बोलणार नाहीस, म्हणून कुणाला न सांगितलेलं सांगतो. मी तिसऱ्या वर्षाला नाही. पाच विषय राहिले, वायडी लागली, म्हणजे वर्ष गेलं. घरी माहीत नाही. पप्पा कंपनीत सांगतात, दोन वर्षांत माझा पोरगा साहेब होणार. मी रोज सकाळी ड्रॉईंगच्या कागदांची नळी पाठीला लावून निघतो आणि पांडवलेणीच्या पायथ्याला जाऊन बसतो. मग कॅफेत येऊन सगळ्यांची पानं बघतो. सगळे पुढे चाललेत, सगळे हसतायत. तू विचारायचीस जेवलास का, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. ज्ञानेश आहे, पण त्याला सांगायला तीनदा गेलो तेव्हा तो विचारत होता की त्याचा नवा फोटो कसा आलाय. मी मस्त म्हटलं आणि आलो."

मला ते तिन्ही दिवस आठवतात. फोटो पण आठवतो. मोटरसायकलवर बसलेला होता. मोटरसायकल सार्थकची.

मावशी, हे मला माहीत आहे, पण मला सांगितलेलं नाही. मी त्याच्याकडे गेलो तर तो विचारेल, तुला कसं कळलं. रियाने आता त्याला काय उत्तर द्यावं?

ज्ञानेश


मनमाड
३१ ऑगस्ट २००७

ज्ञाना,

रियाने उत्तर द्यायचं नाही. ज्ञानेशने द्यायचं.

हे पत्र वाचून झालं की चपला घाल आणि सातपूरला जा. तो मारेल. मार खा. मित्र तुटेल म्हणून घाबरतोयस, पण तू लिहिलंयस त्यावरून तो अर्धा आधीच तुटलाय, आणि ते तुला कळलं रियामुळे.

पोरगा भोळा आहे म्हणतोस, तेव्हा काही आततायीपणा करेल असं मला वाटत नाही. पण त्याला एकटं बसू देऊ नकोस.

मावशी


मनमाड
१३ सप्टेंबर २००७

चि. ज्ञानास,

काल तुम्ही दोघं नाशिकच्या गाडीत बसून गेलात आणि जाताना तू मला नुसता हात केलास. म्हणून तू यायच्या आधी काय झालं ते लिहिते. ओम स्वतः सगळं सांगेल असं नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या ऑफिसातला शिपाई मल्हारी खिडकीमागे धावत आला. मल्हारीला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तो स्वतः जुळवतो. म्हणाला, "मॅडम, भाच्याचा फोन होता. म्हणतोय, मी रिया, मित्र पळून येतोय, पाठीला नळी हाय, त्याला तिकीट देऊ नका." मी म्हटलं, "नळी कसली?" तो म्हणाला, "गॅसची आसंल."

तेवढ्यात रांगेत चौथ्या नंबरला निळा शर्ट आणि काळी नळी दिसली. मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, आततायीपणा करणार नाही. चुकले. पुढच्या तीन माणसांना तिकिटं दिली ती कुठली दिली देव जाणे, एकजण सायंकाळी भांडायला आला होता.

तो समोर आला. "एक द्या."

"कुठलं?"

"लांबचं."

"किती लांबचं?"

"जेवढं लांबचं मिळेल तेवढं."

मी म्हटलं, "अंकाईचं देऊ?"

तो म्हणाला, "ते किती लांब?"

"पुढचंच स्टेशन. इथून डोंगर दिसतो."

मागची माणसं ओरडायला लागली, "ओ भाऊ, घरून ठरवून यायचं ना!" तो इतका ओशाळला की रांग सोडून निघालाच. मी खिडकी लावली, जेवणाची पाटी टांगली आणि डबा घेऊन बाहेर पळाले. त्याला हाताला धरलं आणि म्हटलं, "ओम, मी ज्ञानेशची मावशी. भाकरी जास्त झालीय, बस." त्याचं नाव मला कसं माहीत, हेही विचारलं नाही त्याने. बसला आणि जेवला. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे मला त्याच्या दुसऱ्या घासाला कळलं.

नंतर मला खिडकीवर जावंच लागणार होतं. त्याला एकटं सोडायचं नव्हतं. म्हणून आरक्षणाच्या फॉर्मांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला आणि ओरडून सांगितलं, "ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी या दादाकडून भरून घ्या." लोक त्याच्यावर तुटून पडले. भागीबाई म्हणून एक म्हातारी होती, नांदेडला लेकीकडे जायची. वय विचारलं तर म्हणाली, "तूच बघून लिही." त्याने साठ लिहिलं. ती शेजारणीला म्हणाली, "बघ, साठ लिव्हलं, पोरगं लय गुणाचं हाय." मी खिडकीतून बघत होते. तो हसला. अठ्ठावीस फॉर्म भरले त्याने, आणि एकही चुकला नाही.

मधे गर्दी ओसरली तेव्हा खिडकीशी येऊन त्याने मला सगळं सांगितलं. तू मला आधीच कळवलेलं सगळं. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकलं. तेव्हा मला समजलं, त्या प्लायवूडपलीकडे बसून तुला काय वाटत असेल. रियाचं मी एक अक्षर बोलले नाही. ते तुझं काम होतं.

मग तू एसटीतून उतरून धावत आलास. तुम्ही बाकावर बसलात. त्याने तुला एक ठेवून दिलेली मी बघितली. दुसरी देतो की काय म्हणून उठलेच होते, पण तो खाली बसला. नंतर गर्दीत काही दिसलं नाही.

काय बोललात? गाल कसा आहे?

मावशी


मखमलाबाद
२२ सप्टेंबर २००७

ती. मावशीस,

गाल बरा आहे. आईला सांगितलं एसटीच्या दारावर आपटलो. हे शेवटचं खोटं, आणि ते तिला पटलेलं नाही.

तुझं आधीचं पत्र आल्यावर मी दोनदा सातपूरला गेलो होतो. दोन्ही वेळा ओम घरी नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मला हायसं वाटलं. बारा तारखेला दुपारी कॅफेत गेलो तर रियाला निरोप होता: "मनमाडला चाललोय, तिथून कुठली गाडी मिळेल ती. हे तुला तरी माहीत असावं." चंदरभाऊंच्या फोनवरून तुमच्या ऑफिसात फोन केला आणि तसाच स्टँडवर पळालो.

बाकावर मी पहिलंच वाक्य बोललो, "रिया म्हणजे मी." त्याने मला मारलं ते नंतर. आधी त्याने बराच वेळ समोरची उभी मालगाडी बघितली.

मग म्हणाला, "तिने जे जे लिहिलं, ते सगळं तू लिहिलंस?"

"हो."

"ते, जेवलास का विचारायची, ते पण?"

"हो."

तेव्हा मारलं. आणि खाली बसून म्हणाला, "मग तोंडाने का नाही विचारलंस कधी? मी शेजारीच बसायचो ना रे."

मी म्हटलं, "मला वाटलं तू हसशील." तो म्हणाला, "मग हसलो असतो. हसायला तरी काहीतरी मिळालं असतं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि रंगनाथ?"

"आमचे बाबा."

त्याच्या तोंडावर हसू आलं होतं, पण ते मधेच फिस्कटलं आणि तो रडायला लागला. मी पण. शेजारी मक्याची कणसं विकणाऱ्याने आपली टोपली उचलून जरा लांब ठेवली.

गाडीत तो माझ्यापासून दोन बाक सोडून बसला. सातपूरला मी म्हटलं, घरी सोबत येतो. म्हणाला, "दारापर्यंत ये." पण दारात पोचल्यावर त्याने माझी बाही धरून ठेवली, म्हणून मी आतच गेलो. कारभारीकाका, म्हणजे त्याचे पप्पा, पहिली पाळी करून आले होते, चहा पीत होते. ओमने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. वायडी, पाच विषय, मनमाड, सगळं.

काका त्या नळीकडे बघून म्हणाले, "मंग रोज ही घिऊन कुठं जात होता?"

"पांडवलेणीला."

"रोज?"

"रोज."

"वर चढायचा?"

"कधीकधी."

काका म्हणाले, "एवढी वर्षं हितं राहतो, मी एकदाच गेलो. लय पायऱ्या हायत." आणि कप ठेवून आत निघून गेले. मावशी, ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. ओमची आई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच घरी बसले. आपण साहेबाचे बाप होणार असं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापुढे कसं जायचं, हा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी गेले, आणि म्हणे जाताच पाळीतल्या सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं. त्यातल्या दोघांनी हळूच सांगितलं, आमच्याकडे पण तेच आहे.

ओमने मला सांगितलंय, काही दिवस येऊ नकोस.

रियाचं पान मी मिटवलं. मिटवताना कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? मी बराच वेळ थांबलो. मग हो म्हटलं. माझं पान ठेवलंय. तिथला आकडा बघत नाही असं सांगितलं तर ते परत खोटं होईल. बघतो. पण आता सार्थकचा बघत नाही.

ज्ञानेश


सातपूर, नाशिक
१४ नोव्हेंबर २००७

प्रतिभामावशींना ओमचा नमस्कार,

तुम्हाला पत्र लिहायला इतके दिवस लावले त्याबद्दल माफ करा. काय लिहायचं ते कळत नव्हतं. तुमच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीपासून सुरुवात करावी असं आई म्हणाली. तिला कृती पाहिजे.

माझं बरं चाललंय. पाचही विषयांचे फॉर्म भरलेत, पुढच्या महिन्यात पेपर आहेत. सकाळी सातपूरला पप्पांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधे लेथ मशीनवर शिकतो. पप्पा पहिले पंधरा दिवस माझ्याशी फक्त कामाचं बोलायचे. मग एका रविवारी सकाळी बूट घालून दारात उभे राहिले. म्हणाले, "चल, तुझं ते कालिज दाखव." आम्ही पांडवलेणीला गेलो. मी रोज बसायचो तो दगड त्यांना दाखवला. ते त्याच्यावर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "जागा चांगली हाय, पर मला सांगून बसायचं." पायऱ्या त्यांनी सगळ्या चढल्या. उतरल्यावर दोन दिवस गुडघे धरून होते आणि त्याबद्दल मलाच शिव्या देत होते. तेव्हा मला वाटलं, आता होईल नीट.

ज्ञानेशबद्दल तुम्हाला वाटत असेल. मी त्याला येऊ नको म्हटलं होतं, तरी तो दर रविवारी यायचा. आत यायचा नाही, पायरीवर बसायचा. आई त्याला चहा द्यायची, तो पिऊन जायचा. चौथ्या रविवारी आई मला म्हणाली, "त्याला एकतर आत घे, नाहीतर हाकल. दर आठवड्याला मी कप बाहेर नेणार नाही." मी बाहेर जाऊन बसलो. पुढच्या रविवारी थोडं बोललो, मग वर्कशॉपबद्दल, मग त्याने विचारलं, "लेथ कशी असते?" आणि मला खरंच सांगावंसं वाटलं. दहा मिनिटं मी बोलत होतो, तो ऐकत होता. त्याने मधे स्वतःचं काही घुसडलं नाही. तो प्रयत्न करतोय हे मला दिसत होतं, कारण त्याच्या कपाळाला घाम आला होता.

अजून पहिल्यासारखं नाही. कधीकधी तो काही चांगलं बोलला की माझ्या मनात येतं, हे खरं का? मी तसं त्याला सांगतो पण. त्याचं तोंड उतरतं, पण तो निघून जात नाही.

दसऱ्याला त्यांच्याकडे झेंडू इतका आला होता की रंगनाथकाकांनी मलाही पंचवटीतल्या त्यांच्या फुलांच्या दुकानावर हार ओवायला बोलावलं. आम्ही दोघं मागे पोत्यावर बसलो होतो. हात कामात असले की बोलायला सोपं जातं. मी म्हटलं, "एक सांगू? हसू नको."

"नाही हसत."

"मला अजून रियाची आठवण येते."

मला वाटलं, आता हा दात काढणार. पण त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "मला पण. लय चांगली होती रे."

"आपल्या दोघांपेक्षा शहाणी होती."

"हो ना. तिला काय सुचायचं!"

आणि मावशी, आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलत बसलो. ती काय म्हणाली होती, कधी म्हणाली होती. दोघांचेही डोळे भरून आले. रंगनाथकाकांनी गिऱ्हाइकाला हार देता देता मागे वळून आमची तोंडं बघितली आणि दचकून विचारलं, "कोण वारलं रे?"

"कुणी नाय," आम्ही एकदम म्हणालो, आणि मग जे हसत सुटलो ते थांबेचना. काका आमच्याकडे बघत राहिले आणि गिऱ्हाईक हार तिथेच टाकून निघून गेलं.

तुमचा,
ओम